टोपी न पाडता पूर्ण नदी

६ फेब्रुवारी

औषधांच्या वेळा, रक्तदाब, पोट कितीदा कडक झालं, हे सगळं फ्रिजवर लावलेल्या तक्त्यात आहे. तक्त्यात जे बसत नाही ते इथे लिहीन. फार असणार नाही.

परिस्थिती अशी. ताईला चोवीस आठवडे पूर्ण झाले. गर्भाशयाचं तोंड वेळेआधीच आखूड व्हायला लागलं, म्हणून डॉक्टरबाईंनी टाका घातला आणि तिला झोपून राहायला सांगितलं. बाथरूमपर्यंत जायचं, परत यायचं, बस. भावोजी जहाजावर इंजिनीअर आहेत. त्यांचा करार मेच्या मध्यावर संपतो. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे आईला घर सोडता येत नाही. राहिले मी. लिफ्टच्या कंट्रोल पॅनेलमधला प्रोग्राम तपासायचं माझं काम घरून होतं. म्हणून आज बॅग घेऊन इथे आले.

डॉक्टरबाई सरळ बोलतात. "आत्ता बाळ आलं तर अवघड आहे. अठ्ठावीस आठवडे गाठले तर मला जरा झोप लागेल. चौतीस गाठले तर बरीच लागेल. छत्तीसला टाका काढू." उद्दिष्ट स्पष्ट आहे. स्पष्ट उद्दिष्टं मला जमतात.

ताई ड्रायव्हिंग स्कूल चालवते. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि दिवसभर ओरडायचं, हा तिचा पेशा. तिला झोपवून ठेवणं म्हणजे चालू इंजिन कपाटात ठेवण्यासारखं आहे.

"किती दिवस राहणारेस?" तिने विचारलं.

"लागतील तेवढे."

"आणि असंच तोंड करून बसणार?"

"माझं तोंड असंच आहे."

"माहितीये गं. तू जन्मल्यापासून बघतेय. पाणी दे."

९ फेब्रुवारी

घरात मोकळं टेबल एकच आहे आणि ते ताईच्या खोलीत, टीव्हीखाली. माझा लॅपटॉप तिथेच मांडला. लॅपटॉपची तार टीव्हीला लागते. ही सोय झाली असं मला वाटलं. आता वाटतं, ती ताईची झाली.

आज आजोबाचा निरोप आला. आजोबा म्हणजे आमच्या गटाचा प्रमुख. वय चाळिशीचं, पण त्याच्याकडे सगळी जुनी यंत्रं चालू स्थितीत आहेत म्हणून हे नाव. आम्ही पाच जण जुने कन्सोल गेम शक्य तितक्या कमी वेळात पूर्ण करतो, पण हातांनी खेळून नाही. गेम एक एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र, पुढे सरकवायचा, त्या फ्रेमला कोणतं बटण दाबायचं ते ठरवायचं, पटलं नाही तर मागे जाऊन बदलायचं. शेवटी बटणांची एक फाइल तयार होते. ती खऱ्या यंत्राला जोडली की यंत्र आपलं आपण खेळतं, माणसाच्या बोटांना कधीच जमणार नाही असं.

एप्रिलमध्ये या क्षेत्रातला एक मोठा मेळावा आहे. तिथे लहान गटांना एकेक जागा मिळते. अट अशी की गेम फारसा कोणाला ठाऊक नसलेला हवा. आजोबाने लिहिलं, "यंदा सुचवायचं काम तुझं. तुझं नाक तीक्ष्ण आहे."

आहेच. तीन वर्षांत मी नाकारलेल्यापैकी एकही गेम पुढे चांगला निघाला नाही.

ताईला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे कॉपी."

"कॉपी नाही. सगळं उघड असतं. माणसांशी स्पर्धाच नाही."

"गाडी झाडावर घातली की घड्याळ मागे फिरवून ब्रेक लावायचा! आमच्या सोनारकाकांना द्या गं ही सोय. चार वेळा नापास झालेत बिचारे."

१२ फेब्रुवारी

पहिली सूचना: 'शिंपी'. (मूळ नावं मला वाचता येत नाहीत, गटात चालतात ती लिहिते.) पडद्यावर कापड येतं, आकार दिसतो, कात्री चालवून तो कापायचा. माणूस खेळला की कडा वाकड्या येतात, वेळ जातो. यंत्र खेळलं तर एक टाचणी पडायच्या आत कोट तयार. छोटा, स्वच्छ आणि कोणाला ठाऊक नसलेला. मी कारणांसहित पाठवला.

ताईने तीन कोट बघितले आणि कूस बदलली. "किती वेळ कापडच बघायचं? यात गाडी नाही, माणूस नाही, काही नाही."

गटातून कात्रीचं उत्तर आलं. कात्री हे तिचं टोपणनाव. एका फ्रेमचीही चैन तिला खपत नाही. तिने लिहिलं की 'शिंपी' बारा वर्षांपूर्वी कोणीतरी करून ठेवलाय, दुवा खाली. दुवा खरा निघाला. मला हे आधी सापडायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी

दुसरी सूचना पाठवलीच नाही. गेम लिफ्टमनचा आहे. मला तो आवडला, पण त्यातली लिफ्ट ठरलेल्या वेगाने चालते आणि कुठल्याही बटणाने वेग वाढत नाही. ताई म्हणाली, "दिवसभर लिफ्ट तपासतेस, संध्याकाळी लिफ्ट खेळतेस. तुझ्या लग्नात मंडपाला लिफ्ट लावू."

आज तपासणी झाली. टाका घट्ट आहे. डॉक्टरबाईंनी माझा तक्ता बघितला आणि विचारलं, "हे रंग कसले?" मी सांगितलं. "माझ्या नर्सला शिकवा," त्या म्हणाल्या. मला वाटतं हे कौतुक होतं.

१९ फेब्रुवारी

ताईने स्वतः गेम निवडला. मी फोनवर होते, तेवढ्यात तिने गेमची यादी वरखाली करून 'नावाडी' लावला.

एक नदी आहे. नावेत पुढे नावाडी आणि मागे, पहिल्या धक्क्यावर चढलेला, टोपी घातलेला एक प्रवासी, बसलेला, पाठमोरा. पाणी वाहतं तसा पडदा आपोआप डावीकडून उजवीकडे सरकतो. दगड चुकवायचे, वाटेतल्या धक्क्यांवर पेट्या फेकायच्या, आणि शेवटच्या मोठ्या धक्क्यावर प्रवाशाला उतरवायचं. दगडाला नाव घासली की प्रवाशाची टोपी पडते. त्याने गुण कमी होतात, बाकी काही बिघडत नाही.

मी सांगितलं, हा चालणार नाही. याला आमच्याकडे 'सरकता' म्हणतात. पडदा आपल्याच वेगाने जातो. तुम्ही कितीही कुशल असा, शेवट तेव्हाच येणार जेव्हा यायचा. वेळ वाचवायला जागाच नाही. सरकता गेम सुचवणारा माणूस नवशिका समजला जातो.

"वेळ वाचत नाही म्हणून वाईट?"

"हो. आमचं कामच ते आहे."

"मग मी इथे काय करतेय?" ताई म्हणाली. "माझं तर एक मिनिट कोणी वाचवून देत नाहीये."

हा मुद्दा गेमशी संबंधित नव्हता. पण ती पुढे दोन तास खेळली, आणि पोट एकदाही कडक झालं नाही. तक्त्यात लिहिलं.

२३ फेब्रुवारी

चार दिवस 'नावाडी'च चाललाय. ताई फार वाईट खेळते. दर दगडाला टोपी पडते आणि ती प्रवाशाची माफी मागते. आज कंट्रोलर आपटून म्हणाली, "तू चालव. तुझ्या त्या पद्धतीने. मी सांगते तसं."

मी म्हटलं, करून काय उपयोग?

"शिकाऊ लोकांना मी काय सांगते माहितीये? डॅशबोर्डवर पाण्याचा पेला ठेवते. काठोकाठ. गाडी कितीही वेगात घे, कुठेही वळव, पेला सांडता कामा नये. हा तुझा पेला." तिने टोपीकडे बोट दाखवलं. "नदी लांब आहे ना? असू दे. लांब नदीत करता येतील तेवढ्या कसरती कर. पण टोपी पडली की परत पहिल्यापासून."

"मागे जाता येतं. पहिल्यापासून कशाला?"

"बरं बाई, मागे जा. पण पडू देऊ नकोस."

जमू शकेल. दगडाच्या एका ठिपक्याएवढ्या अंतरावरून गिरकी घेत जाणं, भोवऱ्यात तीनदा फिरून बाहेर पडणं, पेटी मागे न बघता फेकणं. सूचना म्हणून याला किंमत नाही. हातासाठी व्यायाम म्हणून ठीक आहे.

२७ फेब्रुवारी

सकाळी दहाला ताईचं पोट कडक झालं आणि सुटेना. मी दोनदा मोजलं, मग फोन केला, मग टॅक्सी. ताई मागच्या सीटवर आडवी. ड्रायव्हर गतिरोधकांवर उडवत चालला होता. ताईने तशाच अवस्थेत त्याला ऐकवलं, "दादा, दुसऱ्या गियरला घ्या. लोणचं नाहीये मागे, माणूस आहे."

दुपारपर्यंत औषधाने कळा थांबल्या. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं, उद्या दुसरं. दोन दिवस ठेवून घेणार आहेत. डॉक्टरबाई ताईला म्हणाल्या, "इंजेक्शन तयारी म्हणून दिलंय. गरज पडायला नको." बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "तुम्ही काही खाल्लंत का?"

मी शांत होते. सगळी कागदपत्रं एका फोल्डरमध्ये, क्रमाने लावलेली होती. फक्त एक गोष्ट विचित्र झाली: भरती-काउंटरवर ताईची जन्मतारीख विचारली आणि मी माझी सांगितली. दोनदा.

२ मार्च

काल घरी आलो. सत्तावीस पूर्ण होऊन वर तीन दिवस. सगळं स्थिर आहे.

आज मोठा शोध लागला. इथे नीट लिहिते, कारण गटात मी सहसा उत्साह दाखवत नाही.

पहिल्या धक्क्यापाशी नाव उलटी वळवून पडद्याच्या डाव्या कडेला दाबून धरली आणि त्याच क्षणी पेटी फेकली, तर झटक्याने नाव कडेच्या बाहेर जाते. नावेची जागा गेमच्या मेमरीत एका आकड्यात साठवलेली असते. तो आकडा शून्याच्या खाली उतरला की उलटा फिरून सर्वांत मोठा होतो. गेमला वाटतं नाव नदीच्या टोकाला पोचली. लगेच शेवटचा धक्का, बावटे, वाजंत्री. अख्खी नदी गायब! ज्याला सगळे 'सरकता' म्हणून टाकून देत होते त्या गेमचा शेवट सुरुवातीपासून हाकेच्या अंतरावर आहे. अशी पळवाट तीन वर्षांत मला एकदाच सापडली आहे, आणि ती हीच.

ताईला उठवलं. (ती झोपली नव्हती, डोळे मिटून पडली होती.) म्हटलं, बघ.

तिने बघितलं. नाव निघाली, वळली, नाहीशी झाली, धक्क्यावर उभी राहिली. बावटे हलले.

"पोचली?" ताई म्हणाली.

"पोचली."

"इतक्यात?"

"हो! तीच तर गंमत आहे."

"आणि तो कुठाय? टोपीवाला?"

मी समजावलं. पहिल्या धक्क्यानंतर गेम प्रवाशाचं चित्र मेमरीत भरतो. आपण त्याआधीच शेवटाला गेलो, म्हणून तो भरलाच जात नाही. नाव रिकामी येते. बावटे नावेसाठी हलतात, प्रवाशासाठी नाही. गेमला फरक कळत नाही.

ताईने रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. म्हणाली, डोळे दुखतायत.

संध्याकाळी ती जेवली नाही. रक्तदाब ठीक. ताप नाही. इंजेक्शनचा परिणाम असावा.

४ मार्च

ताई गप्प आहे. पडदे ओढून घेतलेत. टीव्ही नको म्हणते. भावोजींचा फोन आला तेव्हा मात्र हसून बोलली आणि ठेवल्यावर भिंतीकडे तोंड केलं.

मी कारणं तपासली. हिमोग्लोबिन ठीक. पाणी पुरेसं. उशी बदलली.

आईशी बोलले. आईने विचारलं, परवापर्यंत बरी होती ना, मग झालं काय? मी दिवसाचा क्रम सांगितला, गेमसह. नाव सुरुवातीलाच शेवटाला कशी पोचते तेही.

"आणि आत कोणीच नाही?" आई म्हणाली.

"नाही. प्रवासी भरलेलाच नसतो."

मला दोनदा "आई?" म्हणावं लागलं. बहुतेक रेंज गेली. मग म्हणाली, "तू हुशार आहेस गं पोरी," पण जरा वेगळ्याच सुरात, आणि बाबांनी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

६ मार्च

अठ्ठावीस पूर्ण. डॉक्टरबाईंना मेसेज केला: "आज झोपा." त्यांनी अंगठा पाठवला.

पळवाट मी गटाला कळवली. कळवावीच लागते, सापडलेली गोष्ट लपवणं आमच्यात सर्वांत वाईट समजतात. आजोबाने यंत्रावर चालवून बघितली, चालली. गटात जल्लोष. कात्रीने लिहिलं, "आयुष्यात पहिल्यांदा कापायला काही उरलं नाही." मेळाव्यासाठी हीच द्यायची, असं सगळ्यांचं मत आहे. माझं मत विचारलं.

मी लिहिलं, उद्या सांगते. का लिहिलं माहीत नाही. सांगण्यासारखं वेगळं काही नव्हतं.

७ मार्च

दुपारी ताईने स्वतःहून हाक मारली.

"इंजिनीअरबाई, बस. एक प्रश्न. तू हुशार ना?"

"हो."

"मग सांग. इथे मी एकेक दिवस, एकेक तास करून धरून ठेवलंय. आणि तू मला नाव लवकर पोचलेली दाखवतेस. रिकामी. वर म्हणतेस, गंमत बघ."

मी तिची उशी सरळ केली.

"रागावले नाहीये. तुला कळलं नाही हेही कळतं मला. पण परत दाखवू नकोस."

"नाही दाखवणार."

"आता जा, तोंड नको करूस असलं."

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. ती सकाळीच घासलेली होती.

मग गटाला कळवलं: मेळाव्यासाठी माझी सूचना पळवाटेची नाही. 'नावाडी', पूर्ण नदी, टोपी न पाडता. पळवाट आमच्या पानावर स्वतंत्र नोंदवावी. कारणं दिली: पळवाटेचा खेळ सुरू होण्याआधी संपतो, निवेदकाला एक वाक्यही पुरं करता येत नाही, प्रेक्षकाला काय झालं ते कळतच नाही, नदीत मात्र यंत्राचं कसब डोळ्यांना दिसतं. तिन्ही कारणं खरी आहेत.

कात्री: "सरकता? तू? तुझं अकाउंट कोणी चोरलंय का?"

आजोबा: "लोक उठून चहाला जातील."

मी लिहिलं, "सुचवायचं काम माझं आहे. मी सुचवलं आहे."

आजोबा म्हणाला, करून दाखव, मग बघू.

८ मार्च

ताईला सांगितलं की काम पुढे चालू आहे आणि मला सल्लागार हवाय. तिने पडदे उघडायला सांगितले.

२१ मार्च

फार लिहायला वेळ नाही. सकाळी लिफ्ट, दुपारी नाव. ताई पडल्या पडल्या हुकूम सोडते. "डावीकडून घे. अगं, आरसा बघितलास का?" नावेला आरसा नसतो. "मग मान वळव त्याची!" नावाड्याला मान वळवता येते हे मला माहीतच नव्हतं, एक बटण आहे, कशालाच उपयोग नसलेलं. आता प्रत्येक वळणाआधी नावाडी मागे वळून प्रवाशाकडे बघतो. वेळ वाचत नाही. पण बरं दिसतं.

धबधब्याच्या टप्प्यात तीन दिवस अडकलो होतो. टोपी पडायचीच. ताई म्हणाली, "उतारावर ब्रेक दाबून धरत नाहीत. दाब, सोड, दाब, सोड." वल्हं एका फ्रेमला दाबलं, पुढच्या फ्रेमला सोडलं, पूर्ण धबधबाभर. टोपी जागेवर राहिली. ताईने इतक्या जोरात टाळी वाजवली की मी तिला दटावलं.

पोट एकदाही नाही.

३ एप्रिल

बत्तीस. फाइल परवाच गटाला पाठवली होती. दोन दिवस कोणी काही बोललं नाही. आज कात्रीचं उत्तर आलं: "चार ठिकाणी जरा ढिलं आहे, यादी देते. मानेचं कोणी सुचवलं?"

"सल्लागार आहेत."

"त्यांना सांग, मी रडले नाहीये. डोळ्यांत काहीतरी गेलं."

ताईला वाचून दाखवलं. "ही तुझ्यासारखीच दिसतेय," ती म्हणाली.

१८ एप्रिल

चौतीसच्या वर एक दिवस. मेळावा आज झाला. आम्ही टीव्हीवर बघितला. ताई तीन उशांना टेकून, मी खुर्चीवर.

आजोबाने मंचावर यंत्र लावलं. सुरुवातीला प्रेक्षकांच्या चॅटमध्ये तेच: सरकता, सरकता, चहा आणतो, कोणी उठवा मला. पहिल्या गिरकीला ते थोडं थांबलं. भोवऱ्यानंतर कोणीतरी लिहिलं, टोपीकडे बघा. मग सगळेच टोपीकडे बघायला लागले. धबधब्यात चॅट पूर्ण थांबलं. मला वाटलं इंटरनेट गेलं, मी राउटर बघायला उठले. ताईने माझा हात धरून खाली बसवलं.

खऱ्या यंत्रावर कधी कधी फाइल एका फ्रेमने घसरते आणि मग पुढचं सगळं चुकत जातं. माणूस नसलेल्या यंत्राला ते कळत नाही, ते आपली बटणं दाबत राहतं. मी हे शेकडो वेळा बघितलंय. आज मला ते बघवलं नसतं. ताईचा हात मी सोडला नाही, कारण तिने माझा सोडला नव्हता.

शेवटच्या धक्क्यावर नाव लागली. प्रवासी उठला, वळला. तो आपल्याकडे तोंड करतो हे मी विसरले होते. उतरला. टोपी डोक्यावर.

"उतरला गं," ताई म्हणाली. एवढंच.

सभागृहात लोक उभे राहिले होते. माझी सूचना मान्य झाली असं समजायला हरकत नाही.

२ मे

छत्तीस. टाका काढला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता हवं तेव्हा येऊ दे. बहुतेक आठवड्याच्या आत येईल. चाला, फिरा."

ताई हॉस्पिटलच्या दारातून स्वतःच्या पायांनी बाहेर आली आणि टॅक्सीच्या ड्रायव्हरला म्हणाली, "सरका, मी चालवते." तो सरकणारही होता. मी नको म्हटलं.

बॅग भरून दारात ठेवली. फोन चार्ज.

१२ मे

काही नाही. ताई गल्लीच्या टोकापर्यंत दिवसातून सहा वेळा जाऊन येते. शेजारीण रोज विचारते, "अजून नाही?" ताई म्हणते, "नाही हो, गाडी बंद पडलीये, धक्का मारता का?"

१७ मे

भावोजी आले. एवढा मोठा माणूस दारातल्या बॅगेला अडखळून पडला. ताई हसत हसत रडली की उलटं, ते मला ठरवता आलं नाही.

रात्रीची पाळी आता त्यांची. मला जायला हरकत नाही. आजोबाने पुढच्या वर्षासाठी सूचना मागितल्यात, घरी माझी यंत्रं आहेत. पण भावोजींना औषधांच्या वेळा अजून पाठ नाहीत. थांबते.

२३ मे

काही नाही.

ताई पोटाला म्हणाली, "तीन महिने नको नको म्हटलं तर यायची घाई. आता ये ये म्हणते तर ढिम्म! मावशीवर गेलंय अगदी." डॉक्टरबाई म्हणतात, टाका काढल्यावर असं होतं पुष्कळदा. सगळं उत्तम आहे, वाट बघा.

वाट बघतोय. यात मी आता बरीच तरबेज आहे.

२७ मे

मुलगी. काल दुपारी. ताई उत्तम. बाळ पहिल्याच श्वासाला इतकं ओरडलं की भावोजी म्हणाले, ड्रायव्हिंग स्कूलला वारस मिळाला.

आईला फोन केला. आई रडत होती, मागून बाबा विचारत होते, कोणासारखी दिसते? मी नीट बघून सांगितलं, अजून कोणासारखी नाही. ताई पलंगावरून ओरडली, "खोटं सांगतेय! तोंड बघा, अगदी हिचं!"

मग नर्सने तिला माझ्या हातात दिलं. मान कशी धरायची ते मी आधी वाचलेलं होतं, तशीच धरली. डोक्यावर त्यांनी पांढरी लोकरीची टोपी चढवली होती, जरा मोठी. ती सारखी कपाळावर यायची, मी एका बोटाने वर करायचे. ती डोळे उघडायची, मिटायची, काहीच करत नव्हती. मी बघत होते.

नर्स एकदा आली, परत गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा हात पुढे करून उभी राहिली.

"द्या आता."

"घाई काय आहे?" मी म्हटलं.

"तुम्हाला नसेल हो," नर्स म्हणाली, "मला अजून वजन करायचंय."